वीस मिनिटांचं पाणी

बेटावर माती नाही. प्रवाळाचा चुरा, वाळू,
आणि दोन हात खाली, खाऱ्या समुद्रावर
सायीसारखा धरलेला गोड पाण्याचा थर.
त्या सायीला नख लागून चालत नाही.

म्हणून कुणाकडे बॅटरी मेली की मला निरोप येतो:
"तेकाबू, आमची म्हातारी घेऊन जा रे."
सात वर्षं ऊन पिऊन रात्री दिवा ओकलेली,
आता कुशीत फुगलेली, कानांवर हिरवट पांढरं पीठ.

मी आधी अंगठी काढून बायकोकडे देतो.
मग चष्मा. मग कोपरापर्यंत रबरी हात.
आधी ऋण सोडवायचं, मग धनाला हात लावायचा,
हा क्रम चुकायचा नाही.
विडी विझव म्हटलं की घरधनी तडकतो,
"माझ्या घरात?"
हो, तुझ्याच. हिच्या पोटात वारा आहे,
ठिणगीची वाट बघत बसलेला.

मी नऊ वर्षांचा होतो.
बारेंती मामाने फणसासारखी फोडली होती एक,
कुऱ्हाडीने, आमच्या निरफणसाखाली.
आम्ल वाळूत ओतलं. शिसं घेतलं,
गळाला वजन हवं होतं ना.
वितळवायला आईचं भाताचं पातेलं.
मी वाकून बघत होतो.
एक थेंब उडाला. एकच.

कुणी म्हणालं शहाळं फोडा,
कुणी म्हणालं सोडा घाला, सोड्याने आंबट मरतं.
दवाखान्यातून नर्स नेई तेराआका आली,
एका पायात चप्पल.
"सोडा जमिनीवर घाला. डोळ्यात पाणी.
नुसतं पाणी. वीस मिनिटं."

पाच महिने पाऊस नव्हता.
पत्र्याच्या टाकीवर बोटं वाजवली तर
तळाशी जेमतेम विताएवढा जड आवाज.
घरात आठ माणसं.

आईने टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही.
मला आडवं घातलं, दुखरा डोळा खालच्या अंगाला,
अंगठ्याने पापणी उघडी धरली,
आणि नाकाकडून बाहेर, बारीक धार.
घड्याळ नव्हतं. ती प्रार्थनेची कडवी मोजत होती,
सगळी, मग पुन्हा पहिल्यापासून.
मी लाथा झाडत होतो, ती सूर सोडत नव्हती.

टाकी खरवडल्याचा आवाज आला तेव्हा
पलीकडची मारेता किटली घेऊन आली.
डुकराच्या भांडणापासून दोन वर्षं
अबोला होता त्यांच्यात.
बोलली तरीही नाही.
किटली ठेवली, दुसरी आणायला गेली.

डोळा राहिला. बुबुळाच्या कडेला
शंखाच्या चुऱ्याएवढा एक ठिपका आहे.
निरफणस एका बाजूने वाळला.
ती विहीर आम्ही दगडांनी बुजवली.

पातेलं मात्र आईने घासून परत चुलीवर ठेवलं.
धाकटी बहीण तेव्हा रांगत होती.
तिला आकडे यायला फार वेळ लागला,
अजूनही हातचा विसरते.
शिशाचं बोट कुणी तिच्याकडे दाखवलं नाही.
मी दाखवतो, रात्री, एकटा असलो की.

आता तीन महिन्यांनी जहाज येतं.
मी म्हाताऱ्यांना उभ्याच निजवतो,
टोकांना चिकटपट्टी, मध्ये पुठ्ठा.
कप्तान कुरकुरतो, नारळाची जागा जाते म्हणून.
संध्याकाळी कोपरापर्यंत साबण,
सदरा बाहेरच्या दोरीवर,
तोवर पोरीला जवळ घेत नाही.

माझ्या शेडमध्ये वीस लिटरचा एक कॅन असतो,
भरलेला, झाकण घट्ट.
दर शनिवारी बदलतो, जुनं पाणी भोपळ्याला.
मुलं विचारतात, कुणासाठी?
डोळ्यांसाठी.

गेल्या दुष्काळात एका रात्री बारेंती मामा आला,
पेला घेऊन, काठी टेकत.
कॅनकडे बघत उभा राहिला.
त्यातलं मी दिलं नाही.
घरात गेलो आणि माझ्या वाटणीचं
त्याच्या पेल्यात ओतलं.